मशीनमध्ये शिरलेली हवा: नवतप्यातल्या एका पंपडाऊनचं प्रकरण

दक्षिण नागपुरात मानेवाडा ते बेसा या पट्ट्यात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. एमपीएससी, पोलिस भरती, नीट अशा परीक्षांची पोरं पहाटे येऊन बसतात ती रात्री उठतात. त्यातल्याच एका अभ्यासिकेच्या गच्चीवर मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात (उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत), एसीचा कॉम्प्रेसर फुटला. मेकॅनिकसोबत मदतीला आलेल्या पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जीव वाचला. संध्याकाळपर्यंत परिसरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘एसीच्या गॅसचा स्फोट’ असा मजकूर फिरला. आसपासच्या काही अभ्यासिकांनी एसी बंद करून माळ्यावरचे कूलर खाली काढले.

मी रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवतो. अभ्यासिकेच्या मालकांच्या ओळखीतून मला ते मशीन पाहायला मिळालं आणि मालक, मेकॅनिक, मदतनीस, हजर असलेले विद्यार्थी अशा सगळ्यांशी बोलता आलं. नावं कुणाचीच देत नाही. निष्कर्ष मात्र आधीच सांगतो. मशीनमधला गॅस बाहेर आल्यामुळे हा स्फोट झाला असं सगळे समजून चालले होते. झालं ते उलटं. बाहेरची हवा मशीनच्या आत गेली. गॅसला घाबरणारा माणूस खिडक्या उघडतो आणि एसी बंद करतो. हवेला घाबरणारा मेकॅनिक मात्र गळक्या मशीनचं पंपडाऊनच (युनिट हलवण्याआधी सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करणं) करत नाही.

जागा आणि मशीन

तळमजल्यावर दुकानं, पहिल्या मजल्यावर अभ्यासिका, दुसऱ्यावर मालकांचं बिऱ्हाड आणि वर गच्ची. अभ्यासिकेचा हॉल साधारण वीस बाय पंचवीस फुटांचा. दीड टनाचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट एसी, दोन्हींत आर-32 गॅस, मशीनं चार वर्षं जुनी. आउटडोअर युनिटं गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात ठेवलेली आणि पावसापासून वाचावीत म्हणून त्यांच्यावर हातभर अंतरावर टिनाचा पत्रा ठोकलेला. पावसाची काळजी घेण्यात उन्हाचा विचार राहून गेला होता. युनिटनं बाहेर फेकलेली गरम हवा त्या पत्र्याखाली अडकायची आणि पुन्हा त्याच युनिटमध्ये ओढली जायची.

नागपूरचा मे काय असतो हे नागपूरकराला सांगायला नको. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. पण एसीच्या बाबतीत एक आकडा माहीत असावा. कंपनी मशीनची क्षमता जाहीर करते ती बाहेर 35 अंश धरून. आपल्याकडे पत्र्याखालच्या युनिटच्या तोंडाशी दुपारी 50 च्या वर तापमान सहज जातं. गॅसचा दाब तापमानासोबत वाढतो. 45 अंशांत बंद उभ्या असलेल्या, आर-22 या जुन्या गॅसच्या मशीनमध्ये सुमारे 235 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो, तर आर-32 च्या मशीनमध्ये त्याच वेळी 390 च्या आसपास. मशीन चालू असताना कंडेन्सरमध्ये (आउटडोअरमधल्या, गॅस थंड करून द्रव करणाऱ्या जाळीत) गॅस 60 अंशांवर पोचला, तर हाच आकडा साडेपाचशेच्या वर जातो. ज्यांचा हात आर-22 वर बसला आहे त्या जुन्या मेकॅनिकांना हा फरक ऐकून माहीत असतो, पण त्यांच्या पिशवीतले गेज आणि होज बरेचदा आर-22 च्याच काळातले असतात. इथेही तेच होतं.

एप्रिलपासूनची हकीकत

एप्रिलमध्ये दोनपैकी एका मशीनचं थंड होणं कमी झालं. मालकांनी मेकॅनिकला फोन केला. “भाऊ, पोट्टे ओरडून राहिले, आजच्या आज पाहून द्या.” मेकॅनिक आला, गेज लावला, दाब कमी दिसला, गॅस टाकला, पैसे घेतले, गेला. वजनकाटा नव्हता. किती ग्रॅम टाकला ते कुणी लिहून ठेवलं नाही. मशीन थंड झालं, सगळे खूश.

मेच्या मध्यात पुन्हा तेच. या वेळी त्याच मेकॅनिकनं दुसऱ्या कुणाला पाठवलं. कोणत्या सिलिंडरमधून कोणता गॅस भरला, हे मला कुणीच ठामपणे सांगू शकलं नाही. आर-32 च्या मशीनमध्ये दुसरा गॅस मिसळला असेल तर तो वेगळाच गुन्हा, पण त्याचा पुरावा आता उरलेला नाही.

एसी गॅस खात नाही. पेट्रोलसारखा तो जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत गोल फिरत राहतो आणि मशीन नीट असेल तर दहा वर्षांनीही तितकाच असतो. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, याला दुसरा अर्थ नाही. तरीही एप्रिल-मेमध्ये शहरभर ‘गॅस टाकून द्या’ हेच काम सगळ्यात जास्त चालतं. मालकाला आजच्या दुपारची पडलेली असते आणि मेकॅनिकच्या फोनवर आणखी चार जण ताटकळत असतात. गळती शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे द्यायला कुणी राजी नसतं. मी यात एकट्या मेकॅनिकला दोष देत नाही. पण दर वेळी गॅस टाकला की गळतीची जागा तशीच उघडी राहते, आणि ज्या फटीतून गॅस बाहेर जातो त्याच फटीतून, आतला दाब हवेपेक्षा खाली गेला की, हवा आत येते.

इथे गळती इनडोअर युनिटच्या मागे होती. जाड नळीच्या फ्लेअर नटाशी (नळीचं पसरवलेलं तोंड आवळून धरणाऱ्या नटाशी) काळपट तेलाचा ओघळ आलेला मी स्वतः पाहिला. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं झिरपतं, त्यावर धूळ बसते आणि असा डाग होतो. टॉर्च आणि साबणाचं पाणी घेऊन एप्रिलमध्ये कुणी दहा मिनिटं दिली असती, तर तिथेच बुडबुडे दिसले असते.

त्या दुपारी

दुपारी मशीन ट्रिप व्हायला लागलं, तेव्हा आउटडोअर पत्र्याखालून काढून उत्तरेच्या भिंतीवर सावलीत हलवायचं ठरलं. हा निर्णय बरोबर होता. युनिट हलवायचं तर आधी नळ्यांमधला सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून बंद करतात. याला पंपडाऊन म्हणतात. आउटडोअरच्या बाजूला दोन व्हॉल्व्ह असतात, एक बारीक नळीचा आणि एक जाड नळीचा. मशीन चालू ठेवून अ‍ॅलन कीनं बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. कॉम्प्रेसर जाड नळीतून गॅस ओढत राहतो, गेजचा काटा खाली येतो, आणि तो शून्याला टेकायच्या थोडं आधी जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशीन थांबवायचं. दीड टनाच्या चांगल्या मशीनला यासाठी एक-दोन मिनिटं पुरतात.

भर दुपारची वेळ. मेकॅनिकनं बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मदतनीसाला गेजसमोर बसवलं. “काटा शून्यावर आला की जाडा व्हॉल्व्ह बंद कर आन् मले आवाज दे.” मग रिमोट खिशात घालून तो खाली गेला, कारण इनडोअरच्या नळ्यांचं टेप सोडायचं होतं आणि वेळ वाचवायचा होता.

या एसीचं काम चालू असल्यानं हॉलमध्ये मोठा कूलर लावला होता. गच्ची आणि हॉल यांच्यामध्ये दोन स्लॅब आणि एक भणभणता कूलर. वरून मारलेली हाक खाली ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मदतनीसाचं म्हणणं मी त्याच्याच शब्दांत देतो. “मी तर काट्याकडेच पाहून राहिलो होतो सर. तो दहाच्या खाली येतच नव्हता. मी थांबलो. मंग मशीनचा आवाज बदलला, ठोकल्यासारखा. म्हणून सांगाले म्हणून उठलो, जिन्याच्या दाराशी गेलो अन् मागून फुटलं.” तो उठला नसता तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं, ते वर्तमानपत्रात आलं असतं.

त्याचा गेज मी नंतर हातात घेतला. काहीही जोडलेलं नसताना त्याचा काटा दहाच्या रेघेवर उभा होता. म्हणजे तो दहा दाखवत होता तेव्हा आत खरं तर शून्य किंवा त्याखाली होतं. पोरगा सांगितल्याप्रमाणे शून्याची वाट पाहत होता आणि मशीन तोवर फ्लेअर नटाच्या फटीतून हॉलमधली हवा ओढत होतं. किती वेळ? मदतनीस पाच-सात मिनिटं म्हणतो, एक विद्यार्थी दहा म्हणतो.

मेकॅनिकबद्दल एक मुद्दा वादाचा राहिला. फ्लेअर नटावर ताज्या पान्याचे ओरखडे होते. तो म्हणतो, नट मी हलवला नाही, फक्त टेप कापलं. माझा अंदाज असा की, वर व्हॉल्व्ह बंद झाला असेल असं समजून त्यानं नट थोडा सैल केला. तसं असेल तर फटीचं भगदाड झालं. पण नट हलवला नसता तरी त्या गळक्या जोडावर हे काम करण्यासारखं नव्हतंच.

आत काय झालं

बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे कॉम्प्रेसरनं पुढे ढकललेलं सगळं कंडेन्सरमध्ये कोंडलं जातं. गॅस असेल तर तो तिथे द्रव होऊन बसतो आणि कमी जागा घेतो. हवा तशी द्रव होत नाही. ती येत राहते, दाबली जाते, तापत जाते. स्प्लिट एसीला गेज लावायचं तोंड बहुधा एकच असतं आणि तेही जाड नळीवर. त्यामुळे एका बाजूला काटा शून्याजवळ घुटमळत असताना दुसऱ्या बाजूचा दाब कुठवर गेला, हे वर बसलेल्या माणसाला दिसायची सोयच नाही.

कॉम्प्रेसरच्या आत तेल असतं आणि त्याचा बारीक फवारा सतत उडत असतो. तेलाचे कण, हवेतला ऑक्सिजन आणि दाबामुळे चढलेलं तापमान एकत्र आलं की ठिणगी लागत नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतानाही इंधन पेटतं, ते याच नियमानं. आर-32 इतर काही गॅसांपेक्षा दाबताना जास्त तापतो आणि तो स्वतः सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे त्यानंही हातभार लावला असणार. पण हे आर-22 च्या मशीनमध्येही घडू शकतं, जो आपण न जळणारा मानतो. म्हणूनच ‘आर-32 वाईट, जुना गॅस चांगला’ हा त्या संध्याकाळचा सूर मला पटला नाही. या मशीनमध्ये डिस्चार्ज नळीचा (कॉम्प्रेसरमधून दाबलेला गॅस पुढे नेणाऱ्या नळीचा) कॉम्प्रेसरजवळचा जोड फाटला आणि बाहेर उडालेलं तेल पेटलं. आवाज ठोकल्यासारखा येऊ लागला तेव्हाच मशीन बंद झालं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण बंद करायचा रिमोट खाली मेकॅनिकच्या खिशात होता आणि एमसीबी मालकांच्या कुलूपबंद केबिनमध्ये. गच्चीवर युनिटशेजारी जागच्या जागी वीज तोडणारा आयसोलेटर स्विच नव्हता. सात-आठशे रुपयांच्या आतली वस्तू, पण आपल्याकडे ती लावायची पद्धतच नाही.

ऑक्सिजनचा विषय इथेच सांगतो, कारण मेकॅनिकच्या गाडीवर ब्रेझिंगसाठी (ज्योतीनं नळ्या जोडण्यासाठी) ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर होतं, नायट्रोजनचं नव्हतं. गळती तपासायला नळ्यांत दाब भरावा लागतो. तो नायट्रोजननं, रेग्युलेटर लावून, मशीनच्या प्लेटवर दिलेल्या मर्यादेतच भरायचा असतो. हाताशी आहे म्हणून ऑक्सिजन भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. तेल असलेल्या नळ्यांत ऑक्सिजन म्हणजे हवेपेक्षा कितीतरी घातक प्रकार. नायट्रोजनचं सिलिंडर करड्या रंगाचं, ऑक्सिजनचं काळं. रंग उडालेला असतो म्हणून लेबल वाचायचंच. गॅस सिलिंडरांचे देशभराचे नियम, म्हणजे 2016 चे गॅस सिलिंडर रूल्स, जिथून राबवले जातात त्या पेसोचं (स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये आहे. पण स्कूटरच्या पायदानावर आडवं बांधून नेलेल्या सिलिंडराला हे कोण सांगणार.

हॉलमधल्या गॅसची भीती किती खरी

घाबरलेल्या पालकांना मी एक साधा हिशेब करून दाखवला. या मशीनमध्ये पूर्ण भरला तर सुमारे 900 ग्रॅम गॅस मावतो. तो सगळा हॉलमध्ये गळला, तर त्याचं आकारमान अर्ध्या घनमीटरपेक्षाही कमी. हॉल सुमारे 140 घनमीटरचा. म्हणजे प्रमाण झालं 0.3 टक्के. आर-32 पेटायला हवेत त्याचं प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास लागतं. दहा बाय दहाच्या बेडरूममध्येही हा आकडा दीड टक्क्यावरच थांबतो. काही मशीनांत आर-290 म्हणजे प्रोपेन असतो. तो 2 टक्क्यांच्या पुढे पेटतो, त्यामुळे तिथे अंतर बरंच कमी आहे आणि म्हणूनच त्या मशीनांत गॅस कमी भरतात. अशा मशीनला हात लावताना जास्त जपायला हवं.

हिशेब मात्र गॅस खोलीभर सारखा पसरला असं धरून आहे. हे गॅस हवेपेक्षा जड असतात, खाली साचतात. बंद खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपलेलं लेकरू असेल, किंवा इनडोअरच्या बॉक्समध्ये कोपऱ्यात गॅस साचला आणि मेकॅनिकनं तिथेच ब्रेझिंगची टॉर्च पेटवली, तर खोलीची सरासरी काही कामाची नाही. आर-32 ला ओळखता येईल असा वास जवळपास नसतो. त्यामुळे सूंऽ आवाज, नटाशी तेलाचा डाग, नळीवर बर्फ आणि थंडावा कमी होणं, हीच लक्षणं. अशा वेळी मशीन एमसीबीवरून बंद करायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, उदबत्ती-काडेपेटी लांब ठेवायची आणि गळती बंद होईपर्यंत ‘थोडा वेळ चालवून पाहू’ म्हणायचं नाही.

विद्यार्थ्यांची एक तक्रार होती की, बरेच दिवस दुपारी डोकं जड व्हायचं आणि ते गॅसमुळेच असणार. मला तसं वाटत नाही. गळती मंद होती. चाळीस पोरं दारं-खिडक्या बंद करून तासन्‌तास बसत होती आणि स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. हॉलला एक छोटा एक्झॉस्ट आणि दर दोन तासांनी पाच मिनिटं उघडलेली खिडकी याहून मोठा इलाज त्या डोकेदुखीला नाही. मालक म्हणाले, “त्यानं थंड हवा बाहेर जाईल ना.” जाईल. त्याचं बिल थोडं जास्त येईल.

वायरिंगकडे पाहिलं तेव्हा

स्फोटाशी थेट संबंध नव्हता, पण पाहायला गेलो म्हणून पाहिलं. दुसऱ्या, चालू असलेल्या मशीनचा प्लग हाताला चटका देईल इतका गरम होता आणि सॉकेटचं एक भोक तपकिरी झालेलं. दीड टनाचं मशीन सहा ते आठ अँपिअर सहज ओढतं आणि तेही सलग बारा-चौदा तास. त्याला स्वतंत्र लाइन हवी, किमान अडीच आणि लांब अंतर असेल तर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी, 16 अँपिअरचं घट्ट सॉकेट किंवा त्याहून बरं म्हणजे थेट एमसीबी. इथे प्लग सैल बसत होता. सैल जोडात उष्णता तयार होते आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. एक्स्टेंशन बोर्डावर एसी चालवणाऱ्यांच्या घरी आग लागते ती बहुतेक अशीच.

आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नव्हताच. अर्थिंगची हिरवी वायर पाण्याच्या नळाला गुंडाळलेली होती आणि तो नळ खाली प्लास्टिकच्या पाइपला जोडलेला. म्हणजे अर्थिंग फक्त दिसायला. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरला हात लागून माणसं जातात हे आपल्याला ठाऊक आहे, कारण कूलरमध्ये पाणी आणि लोखंडी पत्रा डोळ्यांना दिसतो. एसीच्या आउटडोअरची बॉडीही लोखंडीच असते आणि पावसाळ्यात ती ओल्या गच्चीवर उभी असते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी दोघांनाही सारखाच लागतो.

मेकॅनिकांसाठी एक गोष्ट. इन्व्हर्टर मशीनच्या बोर्डावर मोठे कपॅसिटर असतात. 230 व्होल्ट सप्लाय डीसी झाला की त्यांवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज बसतो आणि मशीन बंद केल्यावरही काही मिनिटं टिकतो. जळकं युनिट उघडताना मीही आधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री केली. पेचकसानं कपॅसिटरच्या टोकांना टोक लावून ठिणगी काढणं ही मर्दुमकी समजणारे अजून आहेत. रेझिस्टर लावून उतरवायचा असतो तो.

हे काम कसं व्हायला हवं होतं

मशीन दोनदा गॅस मागून बसलं आहे, म्हणजे गळकं आहे. गळक्या मशीनचं पंपडाऊन करायचंच नाही. रिकव्हरी मशीन लावून उरलेला गॅस वेगळ्या रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, तेही सिलिंडर वजनानं ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त न भरता. गच्चीवर गॅस सोडून देणं हा शॉर्टकट सगळे करतात. आर-32 हवेत सोडणं म्हणजे तितक्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट तापमानवाढ करणं, हे एक. आणि सुटणाऱ्या गॅसशेजारी ब्रेझिंगची टॉर्च पेटवली तर तो जळून हायड्रोजन फ्लोराइडसारखे फुफ्फुसं जाळणारे वायू तयार होतात, हे दुसरं. ब्रेझिंगच्या आधी नळ्या नायट्रोजननं धुवायच्या त्या याचसाठी.

मग युनिट हलवायचं, जुना फ्लेअर कापून नवा काढायचा, टॉर्क पान्यानं आवळायचं, नायट्रोजनचा दाब भरून साबणाच्या फेसानं प्रत्येक जोड पाहायचा आणि दाब काही तास टिकतो का बघायचं. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून 500 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे निर्वाताचं माप) खेचायचं, पंप बंद करून आकडा स्थिर राहतो याची खात्री करायची, आणि शेवटी प्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरायचे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. नवतप्यात ते सकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत संपवायचं. दुपारी बाराला तापलेल्या गच्चीवर बसलेल्या माणसाकडून लक्ष एकाग्र ठेवायची अपेक्षा करणं बरोबर नाही, आणि त्याला स्वतःला उष्माघात होऊ शकतो तो वेगळाच.

मशीन गळकं नसेल आणि पंपडाऊन करायचंच असेल, तर आर-32 चा योग्य आणि शून्यावर उभा राहणारा गेज, आणि व्हॉल्व्ह व स्विच एकाच माणसाच्या हाताशी. दोन-तीन मिनिटांत काटा उतरला नाही तर कारण शोधत बसायचं नाही, आधी मशीन बंद. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि सप्लाय काढलेला असल्याशिवाय कोणत्याही नटाला पाना लावायचा नाही.

भाजल्यावर

वर काय घडलं ते कळायला खाली काही क्षण गेले. तेलाची आग छोटी होती. एक विद्यार्थी बादली घेऊन धावला, त्याला दुसऱ्यानं अडवलं, कारण वीज चालू होती. जिन्यात आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर टांगलेलं होतं आणि ते चाललं. या सगळ्या प्रकरणात जागच्या जागी चाललेली ती एकच गोष्ट.

पोराचा हात कुणीतरी गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली धरला आणि तो किंचाळला. मेमध्ये दुपारी त्या टाकीतलं पाणी कढत असतं. मग मालकीणबाईंनी त्याला खाली नेऊन फिल्टरच्या थंडगार पाण्याची धार वीसेक मिनिटं हातावर सोडली. हे अगदी बरोबर होतं. बर्फ लावायचा नाही, टूथपेस्ट किंवा हळद तर नाहीच, चिकटलेला कपडा ओढायचा नाही. टूथपेस्ट एकजण घेऊन आला होता. नंतर त्याला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, नेलं. हात वाचला, बोटं नीट हलतात, कोपराजवळ डाग राहील. कानात काही दिवस शिट्टी वाजत होती. (द्रवरूप गॅस अंगावर उडाला तर प्रकार उलटा असतो. आर-32 उणे 52 अंशांना उकळतो, त्यामुळे कातडी गोठते. तिथे कोमट पाणी, चोळायचं नाही, आणि डोळ्यात गेला तर धुवत धुवतच डॉक्टर गाठायचा. चष्मा आणि हातमोजे ही दोन्हींवरची स्वस्त सोय आहे.)

पुढे

मालकांनी पत्रा काढला, दोन्ही आउटडोअर उत्तरेला घेतली, गच्चीवर आयसोलेटर बसवले, आरसीसीबी लावला आणि अर्थिंगसाठी खड्डा खणला. एमसीबीची पेटी केबिनमधून बाहेर जिन्यात आली. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचं काम अभ्यासिकेतल्या पोरांनीच वाटून घेतलं आहे. तापमान 18 वरून 25 वर आलं, वर पंखा. जानेवारी 2020 पासून नवे एसी 24 अंशांवर सुरू होतील अशी सेटिंग ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. लोक पहिल्या मिनिटाला ती बदलतात.

मेकॅनिकनं डिजिटल गेज आणि वजनकाटा घेतला. रिकव्हरी मशीन त्याला परवडत नाही, म्हणून ओळखीच्या तिघांनी मिळून एक घ्यायचं घाटतं आहे. ‘गॅस टाकून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आता तो आधी गळती तपासायचे पैसे सांगतो. निम्मे फोन ठेवून देतात, असं तो म्हणतो.

नुकसान कुणी भरायचं याचा निकाल लागलेला नाही. मशीनची वॉरंटी बाहेरच्या माणसानं उघडल्यामुळे गेली. मालक म्हणतात चूक मेकॅनिकची, मेकॅनिक म्हणतो घाई तुमची. मदतनीसाचा महिनाभराचा रोज बुडाला आणि त्याच्याकडे कुठलाही विमा नव्हता. वर्षाला 20 रुपये हप्ता असलेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्याला मी बँकेत नेऊन लावून दिली. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा अपघातानं आलेल्या कायमच्या अपंगत्वाला पैसे मिळतात, भाजलेल्या हाताच्या मलमपट्टीला मिळत नाहीत. तो खर्च सध्या मेकॅनिक हप्त्याहप्त्यानं देतो आहे.